‘डर्टी डान्सिंग’ नेमका कोणाचा? एका नृत्यपटाची आणि त्याच्या वारसदारांची गोष्ट

एखाद्या चित्रपटाची ‘फ्रँचाइझी’ झाली असे वाचले की आपल्यासमोर साधारणपणे भाग एक, भाग दोन, भाग तीन अशी कथेची साखळी उभी राहते. ‘डर्टी डान्सिंग’च्या बाबतीत ती साखळी नाहीच. १९८७ साली आलेल्या या अमेरिकी चित्रपटाच्या नावावर पुढे एक दूरचित्रवाणी मालिका, संगीताचा दौरा, क्युबात घडणारा दुसरा चित्रपट, रंगमंचावरचे नाटक, रिअॅलिटी शोच्या धर्तीवरच्या स्पर्धा आणि दूरचित्रवाणीसाठी केलेला रिमेक इतके सारे निघाले. पण नायक-नायिकेची गोष्ट जिथे थांबली तिथून ती पुढे नेणारा एकही पूर्ण चित्रपट गेल्या जवळजवळ चार दशकांत प्रदर्शित झालेला नाही. मग या सगळ्यांना एकत्र बांधणारा धागा कोणता? माझ्या मते तो कथेचा नसून मालकीचा आहे. इथे फ्रँचाइझी म्हणजे निरनिराळ्या हक्कांचा गठ्ठा, आणि प्रत्येक वारसदाराने त्यातला एखादाच तुकडा उचललेला आहे. कोणी पात्रे घेतली, कोणी गाणी, कोणी नुसतेच नाव.

हे समजण्यासाठी आधी मूळ चित्रपटाची बांधणी पाहावी लागते. १९६३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगररांगांत, केलरमन नावाच्या एका काल्पनिक सुट्टीनिवासात, डॉक्टर हाउसमन आपली पत्नी आणि दोन मुली यांच्यासह येतात. धाकटी फ्रान्सिस, जिला घरचे ‘बेबी’ म्हणतात, तिथल्या जॉनी कॅसल या नृत्यशिक्षकाच्या प्रेमात पडते. लेखिका एलेनॉर बर्गस्टीन या स्वतः ब्रुकलिनच्या ज्यू डॉक्टरांच्या कन्या. त्यांचे कुटुंब याच डोंगरांत सुट्टीला जात असे आणि त्यांनाही घरी ‘बेबी’च म्हणत. ज्यू कुटुंबांना अनेक हॉटेलांत दारे बंद असण्याच्या काळात या भागात त्यांची स्वतःची प्रशस्त सुट्टीनिवासे उभी राहिली होती, आणि विमानप्रवास स्वस्त झाल्यावर ती एकेक करून ओस पडली. त्यांतले सर्वांत नावाजलेले ग्रॉसिंगर्स १९८६ मध्ये, म्हणजे चित्रीकरण झाले त्याच वर्षी, बंद पडले. शेवटाकडे म्हातारा मालक मॅक्स केलरमन तक्रार करतो की मुलांना आता युरोपच्या सहली हव्या आहेत. प्रेमकथेच्या आडून एका मावळत्या जगाचा निरोपही घेतला जातो आहे, हे त्या एका वाक्यातून कळते.

कथेतील नृत्य हे सजावट म्हणून आलेले नाही, आणि हा मुद्दा पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. जॉनीची सहनर्तिका पेनी गरोदर आहे; तिच्या गर्भपातासाठी मिळालेली एकमेव वेळ नेमकी शेल्ड्रेक नावाच्या दुसऱ्या हॉटेलातल्या कार्यक्रमाच्या रात्रीची आहे; म्हणून तिच्या जागी नाचण्यासाठी, नृत्याचा गंधही नसलेल्या बेबीला काही दिवसांत मॅम्बो हा लॅटिन अमेरिकी नृत्यप्रकार शिकावा लागतो. गर्भपाताला अमेरिकेत घटनात्मक संरक्षण मिळाले ते १९७३ मध्ये, त्यामुळे १९६३ मध्ये पेनीच्या वाट्याला येतो तो चोरून केलेला, जिवावर बेतणारा प्रकार. मुरुमांवरचे मलम विकणारी एक कंपनी चित्रपटाला पाठबळ देणार होती, पण तिने हा प्रसंग काढून टाकण्याची अट घातली, आणि बर्गस्टीन यांनी नकार दिला. त्या अट मान्य करू शकल्याच नसत्या, कारण तो प्रसंग काढला तर बेबीला नाचायचे कारणच उरत नाही आणि अख्खी कथा कोसळते.

शेल्ड्रेकमध्ये बेबीला सगळी पावले जमतात, फक्त नायकाने तिला दोन्ही हातांवर डोक्याच्या वर तोलून धरण्याची ती उचल तेवढी जमत नाही. ती जमते अगदी शेवटच्या नृत्यात, सगळ्यांदेखत, वडिलांच्या डोळ्यांसमोर. या एका उचलीवर चित्रपटाचा तोल आहे आणि तीच त्याची अडचणही आहे, कारण ती साधली की कथेला पुढे जायला जागाच राहत नाही. उन्हाळा संपला, मुलगी मोठी झाली, वडिलांनी जॉनीविषयीची आपली चूक कबूल केली. ती दोघे पुढे एकत्र राहिली का, याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि ते न देण्यात लेखिकेचा शहाणपणा आहे.

या उचलीविषयी बेबीची भूमिका करणाऱ्या जेनिफर ग्रे यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितले आहे की भीतीमुळे त्यांनी तिची तालीम करायचे टाळले होते आणि ती पहिल्यांदा केली ती थेट चित्रीकरणाच्या वेळी. दुसऱ्या एका प्रसंगात जॉनी झालेला पॅट्रिक स्वेझी बेबीच्या वर उचललेल्या हातावरून हळुवार बोटे फिरवतो, तिला गुदगुल्या होऊन हसू फुटते आणि तो वैतागतो. ते हसू आणि तो वैताग दोन्ही खरे होते, आणि दिग्दर्शक एमिल अर्डोलिनो यांनी ते तसेच ठेवले. अर्डोलिनो यांना नृत्यावरील माहितीपटासाठी ऑस्कर मिळालेले होते. नृत्यदिग्दर्शक केनी ऑर्टेगा होते, ज्यांनी पुढे ‘हायस्कूल म्युझिकल’ दिग्दर्शित केला. चित्रीकरण कॅट्स्किलमध्ये झालेच नाही. ते व्हर्जिनियातील माउंटन लेक आणि नॉर्थ कॅरोलायनातील लेक ल्यूर येथे, १९८६ च्या शरद ऋतूत झाले. पाने पिवळी-लाल होऊ लागली तेव्हा त्यांना हिरवा रंग फवारावा लागला, आणि तळ्यातल्या प्रसंगात थंडीने कलाकारांचे ओठ निळे पडल्यामुळे कॅमेरा जवळ नेता आला नाही.

आता मालकीकडे वळू. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने ही पटकथा सोडून दिल्यावर ती व्हेस्ट्रॉन या कंपनीकडे गेली. कनेक्टिकटमधील ही कंपनी मुळात व्हिडिओ कॅसेट विकणारी. मोठे स्टुडिओ स्वतःच कॅसेट विकू लागल्यावर तिला माल मिळेनासा झाला, म्हणून तिने स्वतः चित्रपट काढायला सुरुवात केली. ‘डर्टी डान्सिंग’ सुमारे पन्नास ते साठ लाख डॉलरमध्ये तयार झाला, २१ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत लागला आणि जगभरातून त्याने एकवीस कोटी डॉलरहून अधिक मिळवले. घरी बसून पाहण्याच्या कॅसेटच्या विक्रीत तर तो दहा लाखांचा टप्पा ओलांडणारा पहिला चित्रपट म्हणून ओळखला जातो. व्हेस्ट्रॉनने मात्र त्यानंतर काढलेले चित्रपट चालले नाहीत आणि कंपनी बुडाली.

कंपनी बुडाली तरी चित्रपट बुडत नाही. जमिनीचा सातबारा जसा एका नावावरून दुसऱ्या नावावर फेरफार होत जातो, तसेच चित्रपटाच्या हक्कांचे होते. व्हेस्ट्रॉनचा सगळा संग्रह १९९१ मध्ये लाइव्ह एंटरटेनमेंटने घेतला. तीच कंपनी पुढे आर्टिझन झाली. आणि २००३ च्या अखेरीस आर्टिझनला लायन्सगेटने विकत घेतले. म्हणजे आज जी कंपनी या चित्रपटाच्या नावावर नवे प्रकल्प जाहीर करते, तिचा तो बनवण्यात कसलाही हात नव्हता. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण मूळ कलाकृतीशी कोणतेही नाते नसलेला मालक जेव्हा ती ‘पुढे नेण्याचा’ निर्णय घेतो, तेव्हा त्याच्या हातात काय असते आणि काय नसते हे पाहणे उद्बोधक ठरते.

हातात नसलेल्या गोष्टींत सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे गाणी. चित्रपटात गाणे वापरायचे तर दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. एक शब्द आणि चाल यांच्या मालकाची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. आणि गाणे चित्राला जोडण्याचा हक्क हा ते तबकडीवर विकण्याच्या हक्काहून वेगळा मोजला जातो. ‘डर्टी डान्सिंग’ सुरू होतो तो रोनेट्स या तीन गायिकांच्या १९६३ मधल्या ‘बी माय बेबी’ या गाण्याने. त्या तिघींनी निर्माता फिल स्पेक्टर याच्या कंपनीशी केलेल्या करारात गाणे चित्राला जोडण्याविषयी काहीच लिहिलेले नव्हते. सुरुवातीला तिघींना मिळून सुमारे पंधरा हजार डॉलर आगाऊ मिळाले होते, त्यापलीकडे रॉयल्टी नाही. स्पेक्टरने १९८७ मध्ये ते गाणे या चित्रपटासाठी दिले, तेव्हा गायिका न्यायालयात गेल्या. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा निर्णय यायला २००२ साल उजाडले: ध्वनिमुद्रणाची संपूर्ण मालकी दिलेली असेल आणि करारात अपवाद केलेला नसेल, तर मालक ते चित्रपटालाही देऊ शकतो, आणि त्या परवान्याच्या पैशांत गायिकांचा वाटा नाही, रेकॉर्डच्या विक्रीवर ठरलेली रॉयल्टी तेवढी त्यांना द्यावी. ज्या आवाजाने चित्रपटाची पहिली चौकट भारून टाकली, त्या आवाजाच्या धनिणींना त्या वापराचे काही मिळाले नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर असेलही, तरी तो वाचताना खटकतो.

त्या गाण्यांची कमाई किती होती याचा अंदाज यावा म्हणून एवढे पुरे की चित्रपटाचा ध्वनिसंग्रह अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या बिलबोर्ड यादीत अठरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, जगभर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि शेवटच्या नृत्याचे गाणे, जे बिल मेडली आणि जेनिफर वॉर्न्स यांनी गायले, त्याला ऑस्कर मिळाले. साहजिकच पहिली उपशाखा फुटली ती संगीतातून: लगेच दुसरा ध्वनिसंग्रह निघाला आणि १९८८ मध्ये मेडली व एरिक कारमेन यांच्यासह गाण्यांचा एक दौरा निघाला. त्याच वर्षी सीबीएस वाहिनीने पात्रे उचलून मालिका केली. त्यात बेबी ही डॉक्टरांची नव्हे, तर सुट्टीनिवासाच्या मालकाचीच मुलगी दाखवली. दर आठवड्याला नवे कथानक हवे तर नायिका तिथेच राहायला हवी, हे मालिकेच्या दृष्टीने सोयीचे. पण पाहुणी म्हणून आलेल्या आणि परत जाणाऱ्या मुलीची जी निकड मूळ कथेत होती, ती या एका बदलाने नाहीशी झाली. अकरा भागांत मालिका आटोपली.

‘डर्टी डान्सिंग: हवाना नाइट्स’ हा २००४ मधला चित्रपट या सर्व वारसदारांत मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो, चांगला आहे म्हणून नव्हे तर त्याची घडण विलक्षण आहे म्हणून. पीटर सेगल या नाटककाराने, जे पुढे अमेरिकी सार्वजनिक रेडिओचे लोकप्रिय निवेदक झाले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्माता लॉरेन्स बेंडर यांच्यासाठी क्युबाच्या क्रांतीच्या पार्श्वभूमीवरची एक गंभीर प्रेमकथा लिहिली होती. ती अनेक वर्षे पडून राहिली. दरम्यान ‘डर्टी डान्सिंग’च्या मालकांना त्या नावाचा दुसरा चित्रपट हवा होता, म्हणून त्या जुन्या पटकथेला नृत्याची जोड देऊन, नृत्यदिग्दर्शिका जोअॅन जॅन्सन यांच्या किशोरवयातील क्युबाच्या अनुभवांचा आधार घेऊन ती नव्याने बेतली गेली. सेगल यांच्या लेखनातले फारच थोडे त्यात उरले.

कथा १९५८ च्या अखेरीस घडते. अमेरिकी कंपनीत नोकरीला असलेल्या वडिलांबरोबर हवानाला आलेली केटी (रोमोला गराय) हॉटेलातल्या हावियेर नावाच्या वेटरबरोबर (डिएगो लुना) नृत्यस्पर्धेची तयारी करते, आणि स्पर्धेच्या रात्रीच, नववर्षाच्या पूर्वसंध्येला, क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता याची राजवट कोसळते. काळ मूळ चित्रपटाच्या आधीचा असल्यामुळे याला कधी प्रीक्वेल म्हटले जाते. पण प्रीक्वेलमध्ये त्याच पात्रांचे पूर्वायुष्य अपेक्षित असते आणि इथे एकही पात्र सामाईक नाही. स्वेझी एका निनावी नृत्यशिक्षकाच्या छोट्या भूमिकेत येऊन जातात, तो जॉनी आहे की नाही हे कोणी सांगत नाही. चित्रीकरणही क्युबात नव्हे, प्वेर्तो रिकोत झाले. म्हणजे लोकांना ठाऊक असलेले नाव, एक श्रीमंत मुलगी आणि एक गरीब नर्तक, याखेरीज मूळ चित्रपटातले यात काही नाही.

तरीही तो पडला त्याचे कारण केवळ नावाचा व्यापार हे नव्हते असे मला वाटते. मूळ कथेत बेबी नाचली नाही तर पेनीला मिळालेली ती एकमेव वेळ हुकणार होती. इथे केटी आणि हावियेर नाचले नाहीत तर त्यांना बक्षीस मिळणार नाही, एवढेच. बाहेर क्रांती होते आहे आणि आत स्पर्धेची फेरी चालू आहे, अशा वेळी प्रेक्षकाचे मन साहजिकच बाहेर ओढले जाते. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाची जगभरातली तिकीटविक्री त्या आकड्याच्या फारशी पुढे गेली नाही, आणि तिकीटविक्रीतला मोठा हिस्सा चित्रपटगृहांकडे राहतो हे लक्षात घेतले तर हा व्यवहार तोट्याचा होता हे उघड आहे. पुढे काही वर्षे मोठ्या पडद्यावर या नावाला कोणी हात लावला नाही.

२००४ च्याच नोव्हेंबरात सिडनीमध्ये मात्र निराळेच घडले. बर्गस्टीन यांनी स्वतः लिहिलेले नाट्यरूप तिथे रंगमंचावर आले, नंतर हॅम्बर्गला आणि २००६ च्या ऑक्टोबरपासून लंडनच्या ऑल्डविच थिएटरमध्ये लागले आणि तिथे २०११ च्या जुलैपर्यंत चालले. जॉनी आणि बेबी या नाटकात गात नाहीत. मूळ चित्रपटातही ते गात नव्हते. गाणी वाजत होती आणि ते नाचत होते. लेखिकेने ती अट रंगमंचावर कायम ठेवली, गाण्याचे काम इतर कलाकारांकडे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांकडे दिले. समीक्षकांनी या नाटकाला पडद्यावरच्या चित्रपटाची नक्कल म्हणून नाके मुरडली, आणि त्यात तथ्य होते. पण ती उचल दर प्रयोगात खऱ्या माणसांनी खरी करावी लागते आणि ती फसूही शकते. पडद्यावर एकदा टिपलेल्या क्षणाला जी अनिश्चितता कायमची गमवावी लागते, ती नाटकाला आपोआप मिळाली.

याच्या नेमके उलट एबीसी वाहिनीने मे २०१७ मध्ये दाखवलेल्या रिमेकचे झाले. अॅबिगेल ब्रेस्लिन बेबी, कोल्ट प्रॅट्स जॉनी, दिग्दर्शक वेन ब्लेअर. नृत्ये ‘हॅमिल्टन’ या गाजलेल्या संगीतिकेचे नृत्यदिग्दर्शक अँडी ब्लँकेनब्यूलर यांची. कागदावर यात काही कमी नव्हते. पण जाहिरातींसह तीन तास भरायचे म्हणून आईवडिलांच्या बिघडलेल्या संसाराचे उपकथानक आले, पात्रे स्वतः गाऊ लागली, आणि शेवटी १९७५ मध्ये विवाहित बेबी जॉनीने नृत्यदिग्दर्शन केलेले ब्रॉडवेवरचे नाटक पाहायला येते असा उपसंहार जोडला गेला. बर्गस्टीन यांनी जाणूनबुजून मोकळा ठेवलेला प्रश्न इतरांनी उत्तर देऊन बुजवून टाकला. प्रेक्षकांची नाराजी तीव्र होती, आणि ती केवळ जुन्यावरच्या प्रेमापोटी होती असे म्हणता येणार नाही.

जागा आणि वाक्ये यांचाही बाजार झाला. माउंटन लेकचे लॉज चित्रपटावर आधारित सुट्ट्या आयोजित करते, लेक ल्यूरला महोत्सव भरतो, ब्रिटिश आणि अमेरिकी वाहिन्यांनी चित्रपटातली नृत्ये शिकवणाऱ्या स्पर्धा दाखवल्या. बेबीला कोणी कोपऱ्यात बसवायचे नाही, या अर्थाचे जॉनीचे सुप्रसिद्ध वाक्य एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीने आपल्या निवृत्तिवेतनाच्या जाहिरातीत थोडे फिरवून वापरले, तेव्हा लायन्सगेटने २०१४ मध्ये खटला भरला. न्यायालयाने २०१६ मध्ये ट्रेडमार्कचे दावे फेटाळले, कारण तक्रार मुळात कॉपीराइटच्या कक्षेतली होती आणि तीच गोष्ट ट्रेडमार्कच्या नावाने पुन्हा मागता येत नाही. ट्रेडमार्क हा माल कोणाचा हे ग्राहकाला कळावे म्हणून असतो, कॉपीराइट कलाकृतीच्या नकलेविरुद्ध असतो. ट्रेडमार्क हा वापर चालू असेपर्यंत टिकतो, कॉपीराइटला मुदत असते. त्यामुळे मोठ्या स्टुडिओंना प्रत्येक लोकप्रिय वाक्य ट्रेडमार्क करून घेण्याचा मोह होतो, आणि न्यायालये त्याला आवर घालतात.

कथेच्या बाबतीत तर कायद्याचे कुंपण त्याहून विरळ आहे. आपल्याकडे पूजा भट्ट यांचा ‘हॉलिडे’ (२००६) गोव्यात घडतो: डॉक्टर वडील, सुट्टीवर आलेले कुटुंब, बुजरी मुलगी आणि डिनो मोरिया हा नृत्यशिक्षक. कॅट्स्किलच्या जागी गोव्याचा किनारा ठेवला की ही मांडणी कुठून आली हे जाणत्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. अशा साम्याकडे कायदा कसे पाहतो याचा भारतातला पायाभूत निकाल आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. कल्पना, विषय आणि कथासूत्र यांवर कोणाचीही मालकी नसते. मालकी असते ती मांडणीच्या विशिष्ट रूपावर, आणि सर्वसाधारण प्रेक्षकाला दुसरी कृती ही पहिलीची नक्कलच आहे असे निःसंदिग्धपणे वाटले तरच हक्कभंग ठरतो. म्हणूनच श्रीमंत मुलगी आणि नृत्यशिक्षक हे सूत्र कोणीही वापरावे. लायन्सगेटला ते अडवता येत नाही, आणि विकताही येत नाही.

स्वेझी २००९ मध्ये गेले, अर्डोलिनो त्याआधीच १९९३ मध्ये. ऑगस्ट २०२० मध्ये लायन्सगेटने जेनिफर ग्रे यांना घेऊन सिक्वेल करत असल्याचे जाहीर केले, म्हणजे आतापर्यंत न वापरलेला एकच तुकडा, मूळ अभिनेत्री, बाहेर काढला. जॉनीशिवाय बेबी पुढच्या वयात कशी दिसेल हे पाहायला मला आवडेल, पण तिच्या नाचण्याला कारण हवे, आणि ते पटकथेत असावे लागेल, करारात ते सापडणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात मूळ चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जतन करण्यायोग्य कृती म्हणून, समाविष्ट झाला.

मालकीला मात्र अजून बराच अवधी आहे. कंपनीच्या नावे असलेल्या अशा कृतीवरचा अमेरिकी कॉपीराइट प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षे, म्हणजे २०८२ च्या अखेरपर्यंत चालतो. भारतात चित्रपटाला साठ वर्षांचीच मुदत असल्याने १ जानेवारी २०४८ पासून इथे चित्रपट म्हणून तो कोणालाही दाखवता येईल. परंतु त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि चाली यांची मुदत त्यांच्या रचनाकारांच्या मृत्यूपासून मोजली जाते, आणि शेवटच्या नृत्याचे गाणे रचणाऱ्या तिघांच्या बाबतीत ती मुदत २०४८ च्या खूपच पुढे जाणार आहे.